गुरुजी बाकावर बसलेत आणि शिट्टी तुझ्या गळ्यात

पत्र असं आहे:

«मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. पंच परीक्षा पास होऊन चार वर्षं झाली. शालेय खो-खो स्पर्धांना पंच म्हणून जाते. अडचण एकाच प्रशिक्षकांची आहे आणि ते माझे स्वतःचे सर आहेत. सातवीत त्यांनीच मला पहिल्यांदा चौकात बसवलं.

ऑगस्टमध्ये तालुक्याला त्यांच्या संघाची मुलगी मी बाद दिली. सर रेषेपर्यंत आले आणि ओरडले, ‘पिंके, बघायलीस का झोपलीस गं? पाठलागवाली खो मिळायच्या आधीच उठली!’ शंभर लोकांसमोर माझं घरचं नाव. मी गडबडले आणि बाद रद्द केला. पुढच्याच महिन्यात जिल्ह्याला पुन्हा त्यांचाच सामना वाट्याला आला. या वेळी ठरवूनच गेले की काही ऐकायचं नाही. त्यांच्या मुलींना फाउलवर फाउल दिले, नियमानेच दिले. त्या एका गुणाने हरल्या. सर म्हणाले, ‘शिकवल्याचं चांगलं फळ दिलंस.’ त्यांच्यासोबत बाकावर बसलेला एक जण म्हणाला, ‘बाईमाणसाच्या हातात शिट्टी दिली की असंच व्हतंय.’ त्या रात्री क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर माझ्या एका निर्णयाचा व्हिडिओ संथ गतीने फिरत होता.

सरांचा 17 वर्षांखालचा संघ गेला, पण 19 वर्षांखालचा विभागाला पोचलाय. पंचांच्या यादीत माझं नाव आहे. नाव काढून घेऊ का? आणि गेलेच, तर सरांशी वागू कशी?

ता. क. माझ्या गळ्यातली शिट्टी सरांनीच पंच परीक्षेच्या वेळी दिली होती. ती वापरू की नको?

— एक शिट्टीवाली»

बाई गं, एरवी या सदरात मी सगळ्यांना तुम्ही म्हणते. तुला तू म्हणते, राग मानू नकोस. 31 वर्षं शाळेत पीटी घेतली, त्यातली बरीच शिट्टी गळ्यात घालून काढली. तुझ्या वयाच्या माझ्या विद्यार्थिनी आता आपापल्या शाळांत फक्कीने मैदानं आखतायत.

आधी जे तुला आवडणार नाही ते सांगते. तू लिहिलंस की जिल्ह्याला फाउल ‘नियमानेच दिले’. ते खरंच असेल. पण मला दुसरंच विचारायचंय. समोरच्या संघाच्या मुली पाठलागावर होत्या तेव्हा त्यांचं लवकर उठणं, दिशा चुकवणं, मध्यरेषा ओलांडणं तू तितक्याच बारकाईने पाहिलंस का? शांत बसून आठव. तुझ्यासोबतच्या दुसऱ्या पंचांना फोन करून विचार, आणि ते म्हणतील ते मुकाट्याने ऐकून घे. नियम एका संघाला भिंग लावून आणि दुसऱ्या संघाला चष्मा काढून लावला, तर प्रत्येक शिट्टी बरोबर असूनही सामना चुकीचा होतो.

तालुक्याला तू सरांच्या आवाजाला घाबरून निर्णय बदललास. जिल्ह्याला तू त्याच आवाजाला उत्तर द्यायला निघालीस. दोन्ही सामन्यांत पंचगिरी सरांनीच केली, शिट्टी तेवढी तू वाजवलीस. हे कडू लागेल, पण आधी हे गिळल्याशिवाय विभागाला जाऊ नकोस.

मीही हे केलंय. बालाघाटाच्या कडेला एका गावात स्पर्धा होती. पहिल्या डावात मी एका मुलीला बाद दिलं आणि देतानाच कळलं की हात लागलाच नव्हता, ओढणीसारखा वारा लागला असेल फार तर. त्यांचे प्रशिक्षक ताडकन उठले, शिव्या तेवढ्या बाकी ठेवल्या. निर्णय मी फिरवला नाही. पण दुसऱ्या डावात त्याच संघाची मुलगी दिशा सोडून उलटी फिरली, मी पाहिलं, आणि शिट्टी तोंडातच ठेवली. मनात म्हटलं, फिटली उधारी. त्या उलट्या फिरण्यामुळे दुसऱ्या संघाची जी पोर बाद झाली ती तेरा-चौदा वर्षांची असेल. ती काही बोलली नाही. बाहेर जाताना एकदा माझ्याकडे वळून पाहिलं, एवढंच. तिचं माझ्याकडे काय देणं होतं? त्या प्रशिक्षकांनी पुढे मला चहा पाजला, चांगली पंच म्हणून नाव सांगितलं. ती पोर मला अजून आठवते.

तेच तेच प्रशिक्षक पुन्हा पुन्हा समोर येतात तेव्हा हीच उधारी आपल्याला नडते. मराठवाड्यात तर ते टळायचंच नाही. खो-खोची माणसं मोजकी. तालुक्याला जे भेटले तेच जिल्ह्याला, तेच विभागाला, आणि कुणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी तेच. शहरातल्या पंचाला सामना संपला की माणूस संपतो. आपल्याकडे तो एसटीत मागच्या सीटवर असतो. म्हणून आपल्याला प्रत्येक सामन्याचा हिशेब त्याच मैदानावर मिटवावा लागतो, पुढच्या मैदानावर शिल्लक न्यायची नाही. सरांचा मागचा ओरडाही नाही आणि तुझी मागची चूकही नाही.

आता सरांकडे वळू. असे प्रशिक्षक मी पुष्कळ पाहिले. त्यांच्यात ढोबळ दोन तऱ्हा असतात. एकाला खरंच राहवत नाही. मुलीबरोबर तो स्वतःही पळत असतो, रेषेवर येतो, ओरडतो आणि सामना संपला की त्याला आपण काय बोललो ते आठवतही नाही. दुसरा मोजून ओरडतो. झालेला निर्णय बदलत नसतो हे त्याला तुझ्याइतकंच ठाऊक असतं. तो मागच्या फाउलसाठी ओरडतच नाही, पुढच्या फाउलसाठी ओरडतो. पुढच्या वेळी तुझी शिट्टी अर्धा क्षण अडखळली की त्याचं काम झालं. आणि तू तर तालुक्याला त्याचं पैसा वसूल करून दिलंस, बाद रद्द केलास. तुझे सर कुठल्या तऱ्हेचे, हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. माझा अंदाज असा की पहिल्या तऱ्हेचे असावेत, कारण दुसरा माणूस घरचं नाव घेत नाही, ‘मॅडम’ म्हणतो आणि फार गोड म्हणतो.

एवढं का पेटतात हेही समजून घ्यायला हवं. आपल्या भागात हा खेळ नुसता खेळ राहिलेला नाही. शालेय स्पर्धेतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला वाढीव क्रीडा गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. धाराशिवच्या सारिका काळेंना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या प्रियंका इंगळेने जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलींचं नेतृत्व केलं आणि नेपाळला हरवून विश्वचषक आणला. गावातल्या बापाला आता वाटतं की माझ्या पोरीचंही होईल. तो बाप प्रशिक्षकाच्या मागे उभा असतो आणि संस्थाचालक बापाच्या मागे. तू दिलेल्या एका फाउलवर एवढी माणसं टेकलेली असतात. म्हणून ओरडणं माफ करायचं असं नाही. पण ओरडणारा माणूस तुझा वैरी आहे असं धरून चाललीस, तर पुन्हा जिल्ह्यासारखंच करशील.

नाव काढून घ्यायचं का? घाबरून असेल तर मुळीच नाही. एकदा काढलंस की प्रत्येक अवघड सामन्याच्या आधी तुला ताप येईल. पण गुरू-शिष्याचं नातं ही पंचप्रमुखांना माहीत असायला हवी अशी गोष्ट आहे, आणि ती तू अजून कुणालाच सांगितलेली दिसत नाही. आजच दोन ओळी लिहून दे: अमुक संघाचे प्रशिक्षक माझे गुरू आहेत, याआधीच्या दोन सामन्यांत वाद झालेला आहे, त्यांच्या सामन्यावर मला नेमायचं की नाही हे आपण ठरवावं. बस. रडगाणं नको, सरांची तक्रारही नको. नेमलं तर जायचं, दुसऱ्या सामन्याला पाठवलं तर तिकडे जायचं. निर्णय त्यांचा. आणि उद्या कुणी ‘ही तर त्यांचीच पोरगी’ म्हणालं किंवा ‘ही तर त्यांच्यावर खार खाऊन आहे’ म्हणालं, तर तुझा कागद आधीच तिथे असेल.

नेमलं असं धरून पुढचं सांगते.

सामन्याच्या आधी सरपंचांना, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांना, आणि दुसऱ्या पंचांना गाठ. चहाच्या वेळी नाही, मैदानाची फक्की मारून झाली की तिथेच उभं राहून. काय घडलं ते चार वाक्यांत सांग आणि एक विनंती कर: प्रशिक्षकांना काही विचारायचं असेल तर ते सरपंचांकडून यावं, माझ्या कानाशी नको. नियम तसाच आहे. पंचांत मतभेद झाला तर शेवटचा शब्द सरपंचांचा, आणि गैरवर्तनावर कारवाई करणंही त्यांच्याच हातात. आपण पंच मंडळी उगाच सगळं आपल्याच छातीवर घेतो. विशेषतः बायका. मदत मागितली तर कमकुवत ठरू असं वाटतं ना? मलाही वाटायचं. तो सरपंच तिथे खुर्चीची शोभा म्हणून बसवलेला नसतो.

दोन्ही प्रशिक्षकांना आणि कर्णधारांना एकत्र उभं करून खेळ कुठल्या नियमावलीवर चालणार, किती मिनिटांचा डाव, कशावर शिट्टी वाजेल, हे सरपंचांकडून एकदा बोलून घे. हे बारीक वाटतं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण पुरुष कबड्डीचा अंतिम सामना आठव. 28-28 अशी बरोबरी, शेवटची मिनिटं, पवन सेहरावतची चढाई लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेली आणि जुना नियम लावायचा की नवा यावरून पंचांचा निर्णय इकडून तिकडे होत राहिला. दोन्ही संघ मैदानात बसले, जवळपास तासभर खेळ थांबला. शेवटी भारत 33-29 ने जिंकला, पण त्या तासाभरात पंचांकडे जगाने कसं पाहिलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर हे होतं, तर आपल्या क्रीडा संकुलावर का नाही होणार?

आता पाया पडण्याचं. तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे की सर दिसले की तू वाकतेस. मीही वाकले असते. विभागाच्या मैदानावर वाकू नकोस. तिथे दोन्ही प्रशिक्षकांना सारखाच नमस्कार, सारख्याच अंतरावरून. समोरच्या संघाची मुलगी बघत असते. पंच एका प्रशिक्षकाच्या पाया पडल्यावर तिने पहिला बाद कुठल्या मनाने स्वीकारायचा? आणि सरांना हे मैदानावर कळून वाईट वाटायला नको, म्हणून आधी घरी जाऊन ये. स्पर्धेच्या अगदी आदल्या दिवशी नको, त्याचे वेगळे अर्थ निघतात. चार-सहा दिवस आधी जा. काकूंच्या हातचा चहा घे, पाया पड आणि सांग, ‘सर, तालुक्याला मी तुमच्या आवाजावर निर्णय बदलला, ते चुकलं. जिल्ह्याला मी अडून बसले, तेही बरोबर झालं नाही. विभागाला दोन्ही नाही करणार. आणि मैदानावर मला पिंकी म्हणू नका.’ नेमकं कोणत्या निर्णयात कोण बरोबर, यावर तिथे बोलायचं नाही. व्हिडिओ दाखवायला लागले तर हात जोडून उठायचं.

ते रागावतील कदाचित. रागावू देत. पण मला वाटतं, जो माणूस सातवीतल्या पोरीला खो द्यायला शिकवतो त्याला एवढं कळतं.

प्रत्यक्ष सामन्यात. बाकावरून आवाज येणारच. ‘अरे काय चाललंय’, ‘बघा की जरा’ या आवाजांना उत्तर नसतं. तो पाऊस समजायचा. दिलेल्या निर्णयाबद्दल नेमका प्रश्न आला तर एक वाक्य: ‘सर, मी पाहिलं, निर्णय दिला.’ दुसरं वाक्य बोललीस की वाद सुरू झाला. नियम समजावून सांगत बसू नकोस. ज्यांनी तुला शिकवले त्यांनाच नियम समजावणं म्हणजे त्यांच्या जखमेवर मीठ. ते रेषा ओलांडून आत आले, निर्णयाऐवजी तुझ्यावर बोलायला लागले, किंवा तेच तेच दुसऱ्यांदा झालं, की खेळ थांबव, सरपंचांकडे पाहा आणि स्वतः दोन पावलं मागे सर. पुढचं ते बोलतील. तुझा चेहरा तेव्हा कोरा असला पाहिजे. हे आरशासमोर करून बघ, हसू नकोस, मी केलंय.

चूक झालीच तर? होणार. खो आधी की उठणं आधी, हे डोळ्याच्या पापणीएवढ्या वेळात ठरवायचं असतं. खेळ पुढे सरकायच्या आत तुझं तुला कळलं तर दुसऱ्या पंचांशी बोलून तिथल्या तिथे दुरुस्त कर, मग बाकावर कुणी ओरडत असो वा नसो. नंतर कळलं तर डावाच्या मध्ये, सरपंचांच्या समोर, सरळ सांग: ‘सर, ते उठणं माझ्याकडून सुटलं.’ चूक कबूल करणाऱ्या पंचावर ओरडायला माणसाला फार ताकद लागते. मात्र कबूल केल्यावर फेडायला जायचं नाही. माझी ती बालाघाटाकडची पोर लक्षात ठेव.

आता बाकावरच्या त्या ‘बाईमाणूस’वाल्याविषयी. याचा मी वेगळा राग धरलाय. तो अवघड प्रशिक्षक या खात्यात बसतच नाही. निर्णयावरची नाराजी एक, बाई म्हणून केलेला अपमान दुसरा. पहिलीला दहा वेळा कानाआड कर. दुसऱ्याला एकदाही नाही. पुन्हा असं काही ऐकलंस तर तिथेच खेळ थांबवून सरपंचांना सांग आणि त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आत, लेखी दे: काय शब्द होते, कुणी ऐकले, कितवा डाव होता. विशेषणं घालू नकोस, शब्द जसेच्या तसे लिही, त्याच बोलीत. आणि हे सरांपर्यंतही पोचलं पाहिजे की त्यांच्या बाकावरचा प्रत्येक माणूस त्यांच्या जबाबदारीत येतो. फुटबॉलमध्ये 2019 पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि बाकावरून नेमकं कोण बोललं ते कळलं नाही तर ते कार्ड तिथल्या मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर जातं. मला ही पद्धत फार पटते. आपल्याकडे ती येईल तेव्हा येईल; पण सरपंचांनी सामन्याच्या आधी ‘बाक शांत ठेवणं तुमच्याकडे’ एवढं प्रशिक्षकांना सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

ग्रुपवरच्या व्हिडिओला उत्तर देऊ नकोस. दिलं असशील तर आणखी देऊ नकोस. मोबाईल कुठून धरला होता, कुठल्या कोनातून, यावर भांडायला रात्र पुरत नाही, आणि सकाळी शाळेत त्याच लोकांची तोंडं बघायची असतात. कुणाला खरंच हरकत असेल तर स्पर्धेच्या नियमावलीत तिची वाट असते: ठरलेल्या वेळेत, लेखी, शुल्क भरून. ग्रुप ही ती वाट नव्हे. तो व्हिडिओ मात्र तू स्वतः एकदा बघ, एकटीने, दार लावून. तुझी उभं राहण्याची जागा बरोबर होती का ते त्यात दिसेल. मला अशा एका व्हिडिओने शिकवलं की मी खांबाच्या फार जवळ जाते आणि मग चौकातलं उठणं दिसतच नाही.

एक वही कर. प्रत्येक सामन्यानंतर तारीख, संघ, काय वाद झाला, मी काय केलं, पुढे काय निघालं, पाच ओळी. पुढच्या वेळी तोच संघ आला की सामन्याच्या आदल्या दिवशी वाच आणि घरी ठेवून जा. वही मैदानावर न्यायची नाही, डोक्यातूनसुद्धा नाही. हे जमायला मला सात-आठ वर्षं लागली, तुला कमी लागोत.

आणि ता. क. मधलं. ती शिट्टी वापर. का नको? पण आत गोळी असलेली जुनी शिट्टी असेल तर उघडून, फुंकून, नीट तपासून घे. कॉर्कची गोळी पावसात ओली झाली की फुगते आणि आवाज बसतो. विभागाच्या दिवशी दिवसभर वाजवायचीय, आणि मैदानाच्या पलीकडच्या खांबापाशी पळणाऱ्या पोरीला ती पहिल्याच फुंकरीत ऐकू गेली पाहिजे. जवळ एक जादा ठेव.